पब किती वाजता बंद करायचे? आधी कॅज्युअल्टीत विचारा

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर
मा. अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क विभाग, पुणे
आणि शहरातल्या हॉटेल व बारमालक संघटनांचे पदाधिकारी

विषय : रात्री दीडची वेळ, पबबाहेरच्या मारामाऱ्या आणि रुग्णालयांत पडून राहिलेली माहिती

महोदय, महोदया,

मी पुण्याच्या पूर्व भागातल्या एका रुग्णालयात अपघात विभागात डॉक्टर आहे. कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या पट्ट्यात मध्यरात्रीनंतर ज्यांची डोकी फुटतात, त्यातले बरेचजण आमच्याकडे येतात. पबची वेळ वाढवावी की घटवावी यावर शहरात वर्षानुवर्षं भांडण चाललंय. नगरसेवक बोलतात, बारमालक बोलतात, सोसायट्यांचे अध्यक्ष बोलतात. पण मारामारीत जखमी झालेला माणूस रात्री दोन वाजता ज्या खिडकीवर नाव नोंदवतो, तिथे काय दिसतं हे आजवर कुणी विचारलेलं नाही. ते विचारा, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव गाडीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. गाडी चालवणारा मुलगा सतरा वर्षांचा. मुंढव्याच्या पबमध्ये त्याला दारू मिळाली, असं पोलीस तपासात पुढे आलं. आपल्या राज्यात पंचवीस वर्षांखालच्या माणसाला मद्य विकता येत नाही, सौम्य बिअरसाठी ही मर्यादा एकवीस आहे. म्हणजे नियम होताच. त्यानंतर पबना टाळं लागलं, परवाने निलंबित झाले, वाढीव बांधकामांवर पालिकेचा हातोडा पडला. याच प्रकरणात रक्ताचा नमुना बदलल्याच्या आरोपावरून ससूनच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. माझ्या पेशाला लागलेला हा डाग आहे. रुग्णालयातून आलेल्या माहितीवर लोकांनी विश्वास का ठेवावा, असं कुणी विचारलं तर मला राग येणार नाही. त्याचं उत्तर पुढे देते.

तेव्हापासून वाद दोन टोकांना जाऊन बसलाय. एकीकडे ‘अकरालाच सगळं बंद करा’ म्हणणारे, दुसरीकडे ‘आयटीचं शहर आहे, रात्रभर चालू ठेवा, रोजगार वाढेल’ म्हणणारे. आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूम दीडपर्यंत आणि नाताळ व वर्षअखेरीच्या रात्री पहाटे पाचपर्यंतची सवलत, ही आजची व्यवस्था. ही वेळ कुठल्या आकड्यांवरून ठरली, ती पाळली गेल्याने किंवा मोडल्याने किती माणसं जखमी झाली, हे सांगणारा एकही कागद माझ्या पाहण्यात आलेला नाही.

आम्हाला काय दिसतं ते सांगते.

हाताला रुमाल गुंडाळून एक पोरगा येतो. काच लागली म्हणतो. रुमाल सोडला की मुठीच्या सांध्यावर अर्ध्या सेंटीमीटरची जखम दिसते, रक्तही फारसं नसतं. कंपाउंडरसुद्धा म्हणेल की एक पट्टी पुरे. पण काच अशी बरोबर मधल्या बोटाच्या सांध्यावर लागत नाही; समोरच्याचा दात लागतो. माणसाच्या तोंडातले जंतू थेट सांध्यात गेलेले असतात, आणि ती जखम नीट उघडून धुतली नाही तर दोन-तीन दिवसांत हात टम्म सुजतो, कधीकधी बोट कायमचं आखडतं. त्याला मी विचारते, समोरचा कुठे आहे? उत्तर येत नाही. समोरचा बहुधा शहरातल्या दुसऱ्याच कुठल्या तरी कॅज्युअल्टीत बसलेला असतो आणि जिन्यावरून पडलो म्हणून सांगत असतो.

दुसरा प्रकार जिवावरचा. एकच ठोसा बसतो, माणूस उभ्याचा आडवा पडतो आणि डोक्याची मागची बाजू फुटपाथच्या कडेवर आपटते. थोड्या वेळाने उठून बसतो, बोलतो, पाणी मागतो. मित्र म्हणतात, चढलीय, झोपू दे. त्या वेळात कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साकळत जातं. शुद्धीतला हा मधला काळ काही मिनिटांचा असतो, कधी काही तासांचा. दारू न प्यालेला माणूस झापड येऊन बरळायला लागला तर घरचे धावाधाव करतात. प्यालेला बरळला तर कुणाला काही वाटत नाही. पहाटे मित्र त्याला हलवायला जातात तेव्हा डोळ्याची एक बाहुली मोठी झालेली असते, मेंदूवर दाब आल्याची ती खूण. ज्यांनी त्याला प्रेमाने गादीवर आणून झोपवलं, त्या मित्रांचे चेहरे पाहणं ही माझ्या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे. हे पत्र वाचणाऱ्या तरुणांना एवढंच सांगते : मार डोक्याला लागला असेल आणि पोटात दारू असेल, तर झोपवू नका, दवाखान्यात आणा. पोलिसांचं काय ते नंतर बघू.

पोलिसांची भीती खरी आहे. मारामारीची केस आम्ही एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवावी लागणारी केस, म्हणून नोंदवतो, चौकीला कळवतो. हवालदार येतात, जबाब घेतात. हाड मोडलं किंवा दात पडला की कायद्याने ती गंभीर दुखापत ठरते, मग गुन्हा, कोर्ट, तारखा. बाहेरगावाहून आलेल्या पोराला पासपोर्टची धास्ती असते, नोकरीची असते, घरी कळेल याची तर सगळ्यात जास्त. तो ‘तक्रार नाही’ लिहून देतो आणि विषय संपतो. त्याआधीच अनेकजण ‘पडलो’ म्हणून मोकळे झालेले असतात. आमच्या कागदावर घटनास्थळाच्या रकान्यात ‘मुंढवा’ एवढंच लिहिलेलं राहतं. मुंढव्यात कुठे? कुठल्या दारात? किती वाजता? कशाने मारलं? ते पुढे कुणाला लागत नाही म्हणून इथेही कुणी लिहीत नाही.

याचा अर्थ असा की पबबाहेरच्या हिंसेचा जो हिशेब आयुक्तालयाकडे आहे, तो तक्रार करणाऱ्यांचा हिशेब आहे. जखमींचा हिशेब आमच्याकडे आहे आणि तो विखुरलेला आहे.

ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड नावाच्या जबड्याच्या शल्यविशारदाला नव्वदच्या दशकात हेच दिसलं. फुटलेले जबडे आणि बाटलीने कापलेले चेहरे शिवता शिवता त्यांनी आपल्या रुग्णांची पोलिसांच्या नोंदीशी तुलना केली. मोठा हिस्सा पोलिसांच्या दप्तरी पोचलेलाच नव्हता. त्यांनी साधी व्यवस्था उभी केली. कॅज्युअल्टीच्या नोंदणी खिडकीवरच्या कर्मचाऱ्याने तीन गोष्टी विचारायच्या : मारहाण कधी झाली, नेमकी कुठे, कशाने. नाव, पत्ता वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे नियमित जायची. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या दाराशी, कुठल्या तासाला माणसं फुटतात याचा नकाशा त्यातून तयार झाला. गस्त त्या जागी त्या वेळी नेली, एक रस्ता वाहनांसाठी बंद केला, ठरावीक बारशी थेट बोलणं झालं. २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्याचा अभ्यास आला. मारहाणीमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्यांचं प्रमाण तशाच इतर शहरांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी झालं होतं. नवा कायदा करावा लागला नाही. खिडकीवर तीन प्रश्न वाढले.

आता वेळेचं. वेळेने काही होत नाही, असं पबमालक म्हणतात. ते खरं नाही. नॉर्वेतल्या १८ शहरांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथे बार बंद व्हायची वेळ एका तासाने पुढे सरकली की मारहाणीच्या घटना सुमारे १६ टक्क्यांनी वाढत होत्या, आणि वेळ मागे आणली की तशाच घटत होत्या. ब्राझीलच्या दियादेमा शहराने २००२ मध्ये रात्री अकरानंतर दारूविक्री बंद केली, त्यानंतर तिथले खून लक्षणीयरीत्या उतरले. तेव्हा रात्रभर पब चालू ठेवण्याची मागणी जे करतात, त्यांना मी स्पष्टच सांगते : तुमच्या वाढीव तासाची किंमत आमच्या टाके घालायच्या टेबलावर मोजली जाईल. दीडच्या पुढे वेळ नेण्याला माझा विरोध आहे.

पण नुसती वेळ आखली की काम झालं असं मानणाऱ्यांनी सिडनीकडे बघावं. तिथल्या किंग्ज क्रॉस भागात जुलै २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१३ च्या शेवटच्या रात्री अठरा-अठरा वर्षांच्या दोन मुलांवर एकाच ठोशाचा हल्ला झाला आणि दोघेही गेले. देश हळहळला. फेब्रुवारी २०१४ मध्ये सरकारने कायदा आणला : किंग्ज क्रॉस आणि शहराच्या मध्यभागात दीडनंतर पबमध्ये नवा ग्राहक घ्यायचा नाही, तीनला शेवटचं मद्य. मारहाणी घटल्या. तिथल्या गुन्हे-आकडेवारी विभागाच्या पहिल्या अहवालात किंग्ज क्रॉसमध्ये ३२ टक्के आणि मध्यभागात २६ टक्के घट दिसली. एवढी डोकी फुटायची वाचली, ही काही लहान गोष्ट नाही.

तरीही तो कायदा टिकला नाही. ज्या दोन मृत्यूंमुळे तो आला, ते दोन्ही हल्ले रात्री साडेदहाच्या आत झाले होते. दीडच्या नियमाचा त्यांच्याशी थेट संबंध नव्हता. शहरातला मोठा कॅसिनो नियमाच्या हद्दीबाहेर ठेवला गेला. पुढच्या वर्षांत न्यूटाऊन, बॉन्डाय अशा हद्दीबाहेरच्या भागांत मारहाणी वाढल्याचं त्याच विभागाने नोंदवलं. जिवंत संगीताच्या जागा बंद पडल्या, तरुण रस्त्यावर उतरले. जानेवारी २०२० मध्ये मध्यभागातून आणि मार्च २०२१ मध्ये किंग्ज क्रॉसमधून ते निर्बंध उठले. रागाच्या भरात आखलेली रेघ लोकांनी पुसली. मला भीती आहे ती याची. पुण्यात उद्या दुसरी एखादी भीषण घटना घडेल, आपण अकराची रेघ ओढू, दोन वर्षांनी दुसरं सरकार ती तीनवर नेईल, आणि दोन्ही वेळा हातात मोजमाप काहीच नसेल.

म्हणून माझी मागणी वेळेच्या आधीची आहे. शहरातल्या सर्व मोठ्या रुग्णालयांच्या अपघात विभागांनी, सरकारी असोत, पालिकेची असोत वा खासगी, मारहाणीच्या प्रत्येक रुग्णाबाबत चार गोष्टी नोंदवाव्यात : वेळ, नेमकी जागा, कशाने मारलं, आणि शेवटचं मद्य कुठे घेतलं. यातला चौथा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या काही रुग्णालयांनी विचारायला सुरुवात केली, कारण मारहाण चौकात होते पण माणूस कुठून तरी पिऊन आलेला असतो, आणि तेच तेच नाव वारंवार यायला लागलं की उत्पादन शुल्क विभागाला कुठे जायचं ते कळतं. रुग्णाचं नाव, मोबाइल, चेहरा यातलं काहीही बाहेर जाऊ नये. दर महिन्याला हे आकडे तुमच्या दोन्ही कार्यालयांकडे जावेत आणि भागवार जाहीर व्हावेत.

विश्वासाच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. एका रुग्णाच्या रक्ताच्या बाटलीवर एका आरोपीचं भवितव्य अवलंबून असतं, म्हणून तिथे पैशाचा दाब येतो. नाव नसलेल्या नोंदीवर कुणाची सुटका अवलंबून नसते. ती नोंद बदलून कुणाला काय मिळणार? शिवाय ती एकाच डॉक्टरच्या हातात नसून वीस-पंचवीस खिडक्यांवर होत असेल आणि दर महिन्याला उघडपणे लोकांसमोर येत असेल, तर खोटेपणा लपणं अवघड.

आकडे यायची वाट न बघता करता येईल असंही काही आहे. आमच्याकडे येणाऱ्यांच्या तोंडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकू येते : आत बाचाबाची झाली, बाउन्सरने दोघांनाही दाराबाहेर काढलं, आणि खरी मारामारी पार्किंगमध्ये झाली. भांडण उंबऱ्याबाहेर ढकललं की जबाबदारी संपली, असा हा हिशेब आहे. खासगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात संस्थेला परवाना लागतो, रक्षकाची पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. पबच्या दारातल्या किती काळ्या टीशर्टांची अशी पडताळणी झाली आहे, हे आयुक्तालयाने एकदा दारोदार जाऊन बघावं. दोघांना एकाच वेळी एकाच दारातून बाहेर काढायचं नाही, मार लागलेल्याला बसवून ठेवून रुग्णवाहिका बोलवायची, एवढं जरी त्यांना शिकवलं तरी काही जीव वाचतील.

आणि रस्ता. दीड वाजता एका पट्ट्यातली सगळी दारं एकदम उघडतात. मेट्रो कधीच बंद झालेली असते, रातराणी बस या भागातून मिळणं मुश्कील, कॅबचे दर चढलेले, रिक्षावाले तोंडाला येईल ते मागतात. शेकडो प्यालेली माणसं अर्धा-पाऊण तास अरुंद रस्त्यावर उभी, कुणाचा धक्का कुणाला लागेल सांगता येत नाही. जे कंटाळतात ते स्वतःची गाडी काढतात. शेवटची ऑर्डर एक वाजता थांबवावी, संगीत उतरवावं, दिवे लावावेत, म्हणजे माणसं टप्प्याटप्प्याने निघतील. शुक्रवार-शनिवारी या पट्ट्यातून पीएमपीने रात्री दोनपर्यंत चार गाड्या सोडाव्यात. नाकाबंदी मुख्य चौकात असतेच. दोन पोलीस पबच्या रांगेसमोर पायी फिरावेत. त्यांनी कुणाला पकडण्याची गरज नाही, दिसले तरी पुष्कळ.

संस्कृतीच्या नावाने पबवर चालून जाणाऱ्यांनी माझं हे पत्र हातात घेऊ नये. २४ जानेवारी २००९ रोजी मंगळुरूच्या पबमध्ये मुलींना मारत बाहेर काढलं गेलं, तीही पबमधली हिंसाच होती आणि मारणारे शुद्धीत होते. रात्री बाहेर पडलेल्या मुलीने काय घातलंय, ती काय पितेय, हा माझ्या रजिस्टरमधला रकाना नाही आणि तुमच्याही असू नये. मी स्वतः रात्रपाळी करून पहाटे घरी जाते. रस्त्यावर माणसं असणं मला सुरक्षित वाटतं. भीती वाटते ती फक्त झिंगलेल्या घोळक्याची.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. पबवर एवढी चर्चा होते कारण तो रस्त्यावरून दिसतो. मध्यरात्रीच्या आधी आमच्याकडे जी येते ती बाई बहुतेकदा घरून आलेली असते. डोळ्याखाली काळंनिळं, मनगट सुजलेलं, सोबत शेजारीण. नवरा देशी पिऊन आलेला असतो किंवा बिअर शॉपमधून. तीही ‘बाथरूममध्ये पडले’ म्हणते. तिच्या भागातली दुकानं किती वाजता बंद होतात यावर कुठे वाद झडत नाही. गावाकडच्या बायकांनी तरी आडव्या बाटलीला मतं देऊन कैक गावांतली दुकानं बंद पाडली. शहरातल्या वस्तीत ते मतदान घडवून आणणं किती जिकिरीचं आहे हे प्रयत्न करणाऱ्यांना विचारा. म्हणून या चार प्रश्नांत घरही यायला हवं. जागेच्या रकान्यात ‘घर’ आणि चौथ्या रकान्यात दुकानाचा परिसर नोंदवला गेला, तर उत्पादन शुल्क विभागाला कदाचित कळेल की सगळ्यात जास्त फ्रॅक्चर कुठल्या दारूने होतात.

बारमालकांना विनंती आहे की या मोजणीला घाबरू नका. कल्याणीनगरनंतर नियम पाळणाऱ्यांनाही तसंच टाळं लागलं, कारण कोण चांगलं चालवतं आणि कोण नाही हे सांगणारं साधनच कुणाकडे नव्हतं. तुमचे वेटर, पार्किंगवाली पोरं, बाहेर उभे असलेले डिलिव्हरी बॉय हेही आमच्याकडे टाके घालायला येतात, आणि त्यांच्यासाठी उपचाराचा खर्च कोण देतो यावर दारातच वाद होतो.

नाताळ आणि वर्षअखेर येते आहे. पाचपर्यंतची सवलत नेहमीप्रमाणे मिळेल असं धरून चालते. तर २४, २५ आणि ३१ डिसेंबरच्या रात्रींपासून सुरुवात करू या. तीन रात्री दीडनंतर किती आले, कुठून आले, कशाने फुटले हे मोजू, आणि आधीच्या-नंतरच्या साध्या शनिवारांशी ताडून बघू. अर्ध्या पानाचा तक्ता मराठी आणि हिंदीत मी तयार केला आहे. खिडकीवरच्या माणसाला तो भरायला दोन मिनिटं लागतात. खासगी रुग्णालयांच्या व्यवस्थापनाला मात्र तुमच्या कार्यालयाचं पत्र हवं असतं, त्याशिवाय ते कर्मचाऱ्यांना परवानगी देणार नाहीत. ते एक पत्र नोव्हेंबर संपायच्या आत काढा, आणि माहिती कुठल्या अधिकाऱ्याकडे पाठवायची त्याचं पद त्यात लिहा. तक्ता छापून शहरातल्या कॅज्युअल्टींपर्यंत पोचवायचं काम मी आणि माझे सहकारी करू.

आपली,
पुण्यातल्या एका अपघात विभागातली डॉक्टर